कॅराव्हॅनला मोटर बसवायची? आधी वजन, उतार आणि कागद बघा

मारुंजी (ता. मुळशी) : ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली सरळ पुढे ओढायला कुणालाही जमते. पण तीच ट्रॉली रिव्हर्समध्ये गोठ्याच्या दारात लावायची म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, जरा जास्त झालं की ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा कोयता होतो. कासारसाई-दारुंब्रे इथल्या संत तुकाराम कारखान्याकडे ऊस नेणारे ड्रायव्हर हे रोज अनुभवतात. कारमागे जोडून न्यायच्या कॅराव्हॅनचं दुखणंही नेमकं हेच आहे.

कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. झोपायला बेड, छोटं किचन, काहींत टॉयलेट. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करायच्या कॅराव्हॅन पार्क, दोन्हींचा विचार आहे. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं होतं. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजी, नेरे, जांबे, कासारसाई या पट्ट्यात शनिवार-रविवारी बाहेर पडणारी मंडळी भरपूर. त्यामुळे उरलेल्या एक-दोन एकरांत चार गाड्या उभ्या करायची सोय करावी, नाहीतर स्वतःच एखादी कॅराव्हॅन घेऊन भाड्याने द्यावी, असा विचार करणाऱ्यांना पुढची माहिती उपयोगी पडेल. कारण अशी गाडी जागेवर आली की पहिला प्रश्न येतो तो ती नेमक्या जागी लावायची कशी. आणि मग कुणीतरी सुचवतं, "मोटर बसवून घ्या, रिमोटवर चालते."

दोन प्रकार, गोंधळ नको

कॅराव्हॅन दोन जातीच्या असतात. एकीला स्वतःचं इंजिन असतं, म्हणजे मिनीबस किंवा व्हॅनच्या आत घर केलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक गाड्या याच प्रकारच्या दिसतात. तिला वेगळी मोटर लागत नाही, ड्रायव्हर बसला की ती चालते.

दुसरी ओढायची कॅराव्हॅन. तिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. कार किंवा जीपच्या मागे गोल हुकाला जोडून न्यायची. कार सोडवली की ती ट्रॉलीसारखी जागेवर उभी. युरोपात हाच प्रकार जास्त चालतो आणि तिथेच मुव्हर नावाची वस्तू तयार झाली. जर्मनीतल्या ट्रुमा, राइश, अल-को आणि ब्रिटनमधली पॉवरटच या त्यातल्या माहितीच्या कंपन्या. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

मुव्हर चालतो कसा?

मुव्हर म्हणजे चाकात बसवलेली मोटर नव्हे. गाडीच्या दोन्ही चाकांजवळ, चेसिसला खालून एकेक मोटर बसवतात. प्रत्येक मोटरला गिअर आणि पुढे खरखरीत धातूचा रोलर असतो. एरवी हा रोलर टायरपासून लांब असतो. गाडी हलवायची असली की रोलर टायरवर घट्ट दाबला जातो. साध्या मॉडेलमध्ये हे पान्याने हाताने करायचं, महागात बटणावर होतं. मग मोटर रोलर फिरवते आणि रोलर टायर फिरवतो.

वळणं घेण्याची रीत पोकलेनसारखी आहे. पोकलेनच्या दोन्ही चेन पुढे गेल्या की मशीन सरळ जातं. एकच चेन चालली की वळतं. एक पुढे आणि एक मागे फिरवली तर जागच्या जागी गर्रकन फिरतं. एका अॅक्सलची, म्हणजे दोन चाकांची कॅराव्हॅन मुव्हरवर अशीच फिरते. पुढच्या दांडीखाली छोटं चाक असतं, ते वजन पेलतं आणि दिशेप्रमाणे वळतं. चार चाकांच्या गाडीला इतकं सहज फिरता येत नाही. मोठ्या वजनाला दोन ऐवजी चार मोटरी लागू शकतात आणि खर्च त्याच प्रमाणात वाढतो.

वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. सेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. दहा मीटर जायला मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ. हे यंत्र रस्त्यावर प्रवास करायला नाही, शेवटच्या पंधरा-वीस मीटरसाठी आहे.

बॅटरी : सगळा खेळ इथे

मुव्हर १२ व्होल्टवर चालतो. सपाट, कडक जागेवर दोन्ही मोटरी मिळून ३०-४० अँपिअर घेतात. चढ आला, चाक खड्ड्यात अडलं की हाच आकडा १०० च्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. घरातल्या अनेक ट्यूबलाइट एका वेळी पेटवल्या तरी इतका करंट लागत नाही.

हिशेब सोपा आहे. ३५ अँपिअर दहा मिनिटं घेतले तर बॅटरीतून सुमारे सहा अँपिअर-अवर जातात. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते फार नाही. म्हणजे बॅटरीचा साठा क्वचितच कमी पडतो. कमी पडते ती एकदम जोर देण्याची ताकद. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढून लावली तर इथेच फसगत होते. ती बॅटरी हळूहळू, तासन्‌तास वीज देण्यासाठी बनवलेली असते. चढावर एकदम करंट ओढला की व्होल्टेज पडतं आणि मुव्हर अर्ध्या चढावर बंद पडतो. लिथियम बॅटरी वजनाला हलकी, पण तिच्या आतलं सर्किट एवढा करंट सोडतं का, हे घेण्याआधी लिहून घ्यावं. कमी क्षमतेचं सर्किट असेल तर ते ऐन वेळी वीज तोडतं.

वायरही तशीच हवी. घरच्या बोर्डाची वायर इथे लावली तर ती तापून आग लागू शकते. वेल्डिंग मशीनला असते तशी जाड तांब्याची केबल, बॅटरीला अगदी लागून फ्यूज आणि हाताशी येईल असा मेन कट-ऑफ स्विच, या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

आधी वजनकाट्यावर जा

मोटर बसवण्याआधी गाडी भरलेल्या अवस्थेत वजनकाट्यावर न्यावी. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, गाद्या, भांडी, सगळ्यासकट. कंपनीने गाडीच्या पाटीवर जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं. मुव्हर स्वतः ३०-३५ किलोचा. साधी १०० अँपिअरची बॅटरी आणखी २५ किलोच्या आसपास. म्हणजे ६० किलो गाडीत कायमचे वाढले. पाटीवरच्या आकड्यात तेवढी जागा शिल्लक नसेल तर सामान कमी करा किंवा मुव्हरचा विचार सोडा.

वजन कुठे बसलं यालाही महत्त्व आहे. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. कॅराव्हॅनचं गणित तेच. मुव्हर अॅक्सलच्या मागे बसवला तर हुकावरचा भार कमी होतो, पुढे बसवला तर वाढतो. उलाळ झालेली कॅराव्हॅन हायवेवर वेगात डुलायला लागते आणि ओढणाऱ्या कारलाही सोबत नेते. म्हणून मुव्हर आणि बॅटरी बसल्यावर हुकावरचं वजन पुन्हा मोजायचं.

खालून काय बघायचं?

चांगला फिटर आधी गाडीखाली झोपून बघतो. चेसिसच्या पट्ट्या किती जाड आहेत, गंज आहे का, स्टेपनी, पाण्याचे पाइप, ब्रेकच्या केबल मध्ये येतात का. युरोपी मुव्हर चेसिसला क्लॅम्पने आवळून बसवतात, त्याला भोक पाडायची किंवा वेल्डिंगची गरज नसते. "दोन टाके मारून देतो" म्हणणाऱ्याला नको म्हणावं. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टीची ताकद जाते, गॅल्व्हनाइज्ड थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

रोलर आणि टायर यांच्यात साधारण २० मिलिमीटर अंतर ठेवतात. हे मोजताना टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि गाडी चाकावर उभी हवी, जॅकवर नाही. पुढे टायरचा साइज बदलला की हे अंतर पुन्हा लावून घ्यायचं.

आपल्याकडचा खास प्रश्न म्हणजे स्पीडब्रेकर. मुव्हर चेसिसच्या खाली लोंबतो. तिकडे जमिनीपासून चार-साडेचार इंच मोकळे राहिले तरी चालतं, कारण रस्ते गुळगुळीत. आपल्या गावाच्या वेशीवरचे कित्येक ब्रेकर त्याहून उंच आहेत, आणि पाणंद रस्त्यावर मधोमध दगड वर आलेले असतात. एका धक्क्यात रोलरची बाजू वाकली की दुरुस्तीचा भाग इथे मिळेलच असं नाही. जमिनीपासून गाडी किती वर आहे, ते टेपने मोजूनच पुढे जा.

सगळं जागच्या जागी असेल तर बसवायचं काम अर्ध्या ते एका दिवसाचं आहे.

उतार : जीव जातो तो इथे

दहा फुटांना एक फूट चढ म्हणजे डोळ्याला फार वाटत नाही. पण दीड टनाची गाडी त्या उतारावर जवळपास १५० किलोच्या जोराने खाली ओढ घेते. तीन-चार माणसं धरूनही ती थांबेलच असं नाही. मुळशीची जमीन बांधाबांधाची, एका खाचरातून दुसऱ्यात उतरतानाच दोन फूट फरक पडतो. म्हणून मुव्हर घेताना "किती किलो ओढतो" एवढंच विचारू नका, "माझ्या वजनाला किती टक्के चढ चढतो" असं विचारा. वजन वाढलं की तोच मुव्हर कमी चढ चढतो.

काम करायचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकवायचा नाही :

१. कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा.
२. कारपासून सोडवा, पुढचं छोटं चाक खाली घ्या.
३. रोलर टायरला लावा. दोन्ही बाजूंचे नीट बसले का, वाकून बघा.
४. आता ठोकळे काढा, हँडब्रेक सोडा आणि रिमोटवर गाडी हलवा.
५. जागेवर आली की आधी हँडब्रेक, मग ठोकळे, आणि सगळ्यात शेवटी रोलर बाजूला.

पाचव्या पायरीत उलटं झालं, म्हणजे हँडब्रेक न लावता रोलर सोडला, तर गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. मुव्हर हा ब्रेक नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

गाडी हलत असताना तिच्या आणि भिंतीच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. वेग मुंगीचा असला तरी मागे टनाचं वजन आहे, पाय सापडला तर सुटत नाही. रिमोट पोरांच्या हातात खेळणं म्हणून जाऊ देऊ नका. काम झालं की मेन स्विच बंद करून रिमोट घरात ठेवा.

रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही रोलर टायरपासून सुटलेत का, हे चालत जाऊन डोळ्याने बघा. रोलर लावून गाडी ओढली तर टायर फाटतो आणि मुव्हरचा गिअर निकामी होतो.

चिखलात मोटर काय करणार?

जून ते सप्टेंबर मुळशीत पाऊस कसा असतो ते सांगायला नको. इथे मुव्हरची मर्यादा उघडी पडते. रोलर टायर फिरवतो, पण टायरच चिखलात घसरला तर मोटर कितीही मोठी असून उपयोग नाही. उलट अडलेल्या चाकावर बटण दाबून ठेवलं की मोटर तापते आणि बॅटरी बसते. ओल्या, मातीने माखलेल्या टायरवर रोलरही घसरतो.

त्यामुळे भातखाचरात कॅराव्हॅन उभी करायची असेल तर पहिला खर्च जमिनीवर करावा. पाणी बाहेर काढून द्यायला चर, वर मुरूम, त्यावर रोलर फिरवून दाब, आणि जिथे चाकं येतात त्या दोन पट्ट्यांवर पेव्हर किंवा काँक्रीट. जागा सपाट आणि कडक असेल तर मुव्हरचं काम निम्मं होतं, आणि कित्येकदा त्याची गरजच राहत नाही.

स्वस्तातले पर्याय

ब्रिटनमध्ये मुव्हर फिटिंगसह साधारण एक ते दोन हजार पौंडांना पडतो, म्हणजे लाखाच्या पुढेच. इथे मागवायचा तर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळं. रिमोट रेडिओ लहरींवर चालत असल्याने आयात करताना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यताही बघावी लागते. बॅटरी, केबल, चार्जर यांचा खर्च त्यावर. एवढे पैसे घालण्याआधी शेतकऱ्याच्या घरी आधीच काय आहे ते बघणं शहाणपणाचं.

ट्रॅक्टरला पुढच्या बाजूला हुक करून घेतला तर अर्धी अडचण मिटते. गाडी समोर दिसते, ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही आणि कमी जागेत ढकलता येते. कॅराव्हॅनला मात्र पिनचा हुक चालत नाही, ५० मिलिमीटरचा गोल बॉल लागतो. तो प्लेटवर बसवून घ्यावा आणि शेतातल्या शेतातच वापरावा. सपाट जागेत हलकी गाडी असेल तर पॉवर टिलरनेही काम भागतं.

थोडा चढ असेल आणि गाडी सरळ रेषेतच न्यायची असेल तर हाताने फिरवायचा विंच किंवा चेनपुली पुरते. मजबूत खांबाला बांधून गाडी हळूहळू ओढता येते. मागे एकाने ठोकळा सरकवत राहायचं.

हलक्या गाड्यांसाठी पुढच्या छोट्या चाकालाच मोटर असलेला प्रकारही परदेशात मिळतो. तो मुव्हरपेक्षा स्वस्त, पण चढावर आणि मुरमावर कमी पडतो, कारण त्या चाकावर वजनच थोडं असतं.

राहिला गावठी जुगाड. भोसरी-चाकण पट्ट्यात फॅब्रिकेशनवाले हुशार आहेत, ई-रिक्षाची मोटर लावून देतो म्हणणारा भेटू शकतो. त्याला दोन प्रश्न विचारा. वीज गेली तर चाक तिथल्या तिथे थांबतं का? आणि वेग माणसाच्या चालण्यापेक्षा कमी आहे का? ई-रिक्षाची मोटर माणसं घेऊन पळायला बनवलेली आहे. योग्य गिअर नसेल तर करंट बंद होताच चाक मोकळं सुटतं. उतारावर ही चूक परवडणारी नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं प्रत्यक्ष उतारावर दाखवता आली नाहीत तर पैसे देऊ नयेत.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे ओढायची कॅराव्हॅन ही कायद्याने गाडीच. त्याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी झालेल्या वाहनात कंपनीने दिलेल्या तपशिलाविरुद्ध बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू ठामपणे मांडली. क्लॅम्पने बसवलेला आणि काढता येणारा मुव्हर आणि चेसिस कापून, वेल्डिंग करून बसवलेली मोटर यांत फरक आहे. तरी हा फरक आपण गृहीत धरू नये. काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावं.

विमा कंपनीलाही कळवावं. न सांगता केलेला बदल अपघातानंतर पुढे आला तर दावा अडतो, आणि तेव्हा भांडायला हातात कागद नसतो.

नवी कॅराव्हॅन घेणाऱ्याने बनवणाऱ्यालाच विचारावं की मुव्हरसाठी चेसिसवर जागा सोडता येईल का. नंतर बदल करण्यापेक्षा मूळ मंजुरीतच ते आलेलं बरं. कॅराव्हॅन पार्क करायचा असेल तर मारुंजी पीएमआरडीएच्या हद्दीत आहे, हेही लक्षात ठेवावं. टॉयलेट, शेड असं पक्कं बांधकाम करण्याआधी तिथे आणि पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करावी.

बसवलाच तर निगा

पावसाळ्यात रोलरमध्ये चिखल आणि खडे अडकतात. ते पाण्याने धुऊन वाळवावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर रोलर टायरला लावून ठेवू नयेत, टायरला खळगा पडतो. महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी आणि मुव्हर दोन मिनिटं चालवून बघावा. शेतातल्या शेडमध्ये उंदीर वायर कुरतडतात, म्हणून केबल जाड पाइपातून घ्यावी.

थोडक्यात

जागा सपाट, रुंद आणि कडक असेल तर मुव्हर घेऊ नका, ट्रॅक्टरचा पुढचा हुक पुरे. जागा अरुंद असेल, गाडी वारंवार आत-बाहेर करायची असेल, घरात हाताखाली माणसं नसतील, तर मुव्हरचे पैसे वसूल होतात. दोन्हींत खर्चाचा क्रम एकच : आधी मुरूम आणि चर, मग वजनकाटा, मग आरटीओचा कागद, आणि मोटर सगळ्यात शेवटी. लाकडी ठोकळ्यांची जोडी मात्र पहिल्या दिवसापासून गाडीत हवी.